‘ड्रूप’ : एका टोकाला धरलेले, दुसऱ्या टोकाला खाली गेलेले

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘ड्रूप’ या क्रियापदापुढे झुकणे, लोंबणे, कोमेजणे, मलूल होणे, खचणे अशी शब्दांची रांग लागलेली असते. यांपैकी प्रत्येक अर्थ आपापल्या जागी बरोबर आहे. अडचण अशी की, मराठीतून इंग्रजीत जाताना यांतला कोणता शब्द ‘ड्रूप’ होईल आणि कोणता होणार नाही, हे त्या रांगेवरून कळत नाही. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका भाषांतरात ‘शिक्षकांसमोर तो आदराने झुकला’ या वाक्याचे ‘ही ड्रूप्ट बिफोर हिज टीचर’ असे इंग्रजी झाले होते. हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नमस्कार करणारा विद्यार्थी येत नाही. शिक्षकांसमोर मान टाकून, खांदे पाडून, गळाठून उभा असलेला कोणीतरी येतो. तेथे ‘बाउड’ हवे होते. आदराने झुकणारा माणूस स्वतःच्या ताकदीने झुकतो, आणि ‘ड्रूप’ होणारी वस्तू ताकद कमी पडते म्हणून खाली जाते. हा फरक एकदा मनात बसला की या शब्दाचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे पुढे पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी : उच्चार आणि स्पेलिंग

हा शब्द एका उच्चारावयवाचा (सिलेबलचा) आहे आणि त्यातला ‘ऊ’ दीर्घ आहे. ‘लूप’, ‘स्कूप’, ‘हूप’ यांच्याशी त्याचे यमक जुळते. ऱ्हस्व उकाराने ‘ड्रुप’ म्हटले तर ऐकणारा क्षणभर अडखळतो. सुरुवातीचा ‘ड्र’ पुष्कळ इंग्रजीभाषकांच्या तोंडी ‘ज्र’च्या जवळ सरकतो, पण तो मुद्दाम गिरवण्याची गरज नाही. भूतकाळी रूपाच्या शेवटी लिहिताना ‘ईडी’ येत असले, तरी आधीचा ‘प’ अघोष असल्यामुळे उच्चार ‘ड्रूप्ट’ असा होतो, ‘ड्रूप्ड’ किंवा ‘ड्रूपेड’ असा नाही.

स्पेलिंगमध्ये एक खाचखळगा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. ‘ड्रूपिंग’मध्ये दोन ‘ओ’ आणि एकच ‘पी’ असतो, तर ‘ड्रॉपिंग’मध्ये एक ‘ओ’ आणि दोन ‘पी’ असतात. शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाआधी दोन स्वराक्षरे जोडून आली की ‘आयएनजी’ लावताना ते व्यंजन दुप्पट होत नाही, हा त्यामागचा साधा नियम आहे. चूक मात्र साधी राहत नाही. ‘माय प्लांट्स लीव्ज आर ड्रूपिंग’ म्हणजे रोपाची पाने मान टाकत आहेत, आणि ‘माय प्लांट्स लीव्ज आर ड्रॉपिंग’ म्हणजे पाने गळून खाली पडत आहेत. पहिल्या तक्रारीवर बहुधा पाण्याचा सल्ला मिळेल. दुसरीवर प्रकाश, कीड, जागाबदल असे वेगळेच प्रश्न विचारले जातील. एका अक्षरामुळे रोपाला भलताच उपचार मिळू शकतो.

उच्चाराच्या बाबतीत आणखी एक जुळे आहे. वनस्पतिशास्त्रात मध्यभागी कठीण आठळी असलेल्या फळाला जो इंग्रजी शब्द आहे, तोही तंतोतंत ‘ड्रूप’ असाच उच्चारतात. पीच, ऑलिव्ह, जर्दाळू ही तशी फळे होत. त्याचे स्पेलिंग ‘यू’ आणि शेवटच्या ‘ई’ने होते आणि तो लॅटिनमधून आला आहे, आपल्या ‘ड्रूप’शी त्याचे काहीही नाते नाही. आपला ‘ड्रूप’ जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘मान खाली टाकणे’ अशा अर्थाच्या क्रियापदापासून आला, आणि ‘ड्रॉप’ व ‘ड्रिप’ हे त्याचे भाऊबंद आहेत. मूळ चित्र मानेचे आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मराठीत आपण ‘रोपाने मान टाकली’ असे म्हणतो तेव्हा अगदी त्याच चित्रापाशी पोहोचतो, आणि माझ्या मते ‘ड्रूप’चा याहून चांगला मराठी अनुवाद नाही.

दुसरी पायरी : वस्तू कोठे धरलेली आहे ते पाहणे

या लेखातली सर्वांत उपयोगाची कसोटी हीच आहे, म्हणून येथे थोडे थांबू. खाली जाणारी वस्तू दिसली की आधी विचारावे : ती धरून कोठे ठेवली आहे? एक टोक पक्के आहे, दुसरे मोकळे आहे, आणि ते मोकळे टोक वाकून खाली आले आहे, तर शब्द ‘ड्रूप’. दोन्ही टोके पक्की आहेत आणि मधला भाग खाली गेला आहे, तर शब्द ‘सॅग’.

कपडे वाळत घातलेली एक दोरी डोळ्यांसमोर आणावी. दोरी दोन खांबांना बांधलेली आहे आणि ओल्या कपड्यांच्या वजनाने तिच्या मध्यभागी झोळ पडला आहे : दोरी ‘सॅग’ झाली. त्या दोरीवर अडकवलेल्या शर्टाची एक बाही वाऱ्याने इकडेतिकडे हलते आहे : बाही ‘डँगल’ होते आहे, कारण ‘डँगल’मध्ये मोकळेपणाने लोंबणे आणि हेलकावणे असते. बाजूला चिमट्याने एका कडेला पकडलेली कापडी टोपी आहे आणि तिची एरवी ताठ असणारी दुसरी कड ओली होऊन खाली वळली आहे : टोपीची कड ‘ड्रूप’ झाली. बाहीच्या टोकातून पाणी ठिबकते आहे, ते ‘ड्रिप’. चिमटा सुटून रुमाल खाली पडला, तर तो ‘ड्रॉप’. एकाच दोरीवर पाच क्रियापदे मिळतात आणि त्यांपैकी एकही दुसऱ्याच्या जागी नीट बसत नाही.

बाही आणि टोपीची कड यांत फरक का केला, असा प्रश्न येथे पडणे रास्त आहे. दोन्ही एका टोकाला धरलेल्या आहेत आणि दोन्ही खाली आहेत. पण बाही मुळात ताठ राहणारी वस्तू नाही, ती लोंबणारच. टोपीची कड मात्र ताठ असायला हवी होती आणि आता नाही. म्हणजे कसोटीचा दुसरा भाग असा की, ‘ड्रूप’ म्हणताना ती वस्तू याहून वर, याहून सरळ असणे अपेक्षित होते हे गृहीत असते. पडदा खिडकीवर ‘हँग’ होतो, ‘ड्रूप’ होत नाही. पडद्याचा दांडा एका बाजूने सुटून कलला, तर त्या दांड्याबद्दल ‘ड्रूप’ म्हणता येईल.

विजेच्या तारांसाठी अभियंते नेहमी ‘सॅग’ वापरतात, कारण तार दोन मनोऱ्यांमध्ये ताणलेली असते. ती तापली की प्रसरण पावते आणि झोळ वाढतो. गादी, छत, पुस्तकांनी भरलेली लांब फळी ही सगळी ‘सॅग’ची कुळे आहेत. हीच फळी फक्त एका भिंतीत रोवलेली असेल आणि तिचे मोकळे टोक खाली आले असेल, तर मात्र ती ‘ड्रूप’च्या हद्दीत येते. रोजच्या बोलण्यात ही हद्द नेहमी इतकी काटेकोर पाळली जात नाही, आणि शरीराच्या बाबतीत, विशेषतः वयाने सैल पडलेल्या त्वचेच्या बाबतीत, दोन्ही शब्द चालतात; तरी शंका आल्यावर ही कसोटी लावली तर चूक क्वचितच होते.

तिसरी पायरी : वाक्यात बसवणे

‘ड्रूप’ हे मुख्यतः अकर्मक क्रियापद आहे. फूल स्वतः ‘ड्रूप’ होते. उन्हाने फुलाला ‘ड्रूप’ केले, असे सरळ म्हणता येत नाही. मराठीत ‘वाकणे’ आणि ‘वाकवणे’, ‘झुकणे’ आणि ‘झुकवणे’ अशा जोड्या तयार असल्यामुळे आपल्याकडून ‘द हीट ड्रूप्ट द फ्लॉवर्स’ असे सहज लिहिले जाते. इंग्रजीत त्यासाठी ‘मेड’ची मदत घ्यावी लागते : ‘द हीट मेड द फ्लॉवर्स ड्रूप’. त्याच कारणाने ‘द फ्लॉवर्स वेअर ड्रूप्ट बाय द हीट’ हा कर्मणी प्रयोगही खटकतो. याला एक छोटा अपवाद आहे. स्वतःच्याच शरीराचा भाग खाली सोडताना कर्म घेता येते, जसे ‘द बर्ड ड्रूप्ट इट्स विंग्ज’. पण ही रचना लिखित आणि काहीशी साहित्यिक आहे. बोलण्यात ती क्वचितच ऐकू येते.

सोबत येणारी शब्दयोगी अव्यये कारणानुसार बदलतात. भारामुळे वाकणे असेल तर ‘अंडर’ येते : ‘द ब्रँचेस ड्रूप्ट अंडर द स्नो’. येथे फांदी अशक्त झालेली नाही, तिच्यावर तिच्या ताकदीबाहेरचा भार आला आहे. तरीही ‘ड्रूप’ योग्यच आहे. भोवतालची परिस्थिती सांगायची असेल तर ‘इन’ येते, जसे ‘इन द हीट’. आतली अवस्था असेल तर ‘विथ’ : ‘हर आयलिड्ज ड्रूप्ट विथ स्लीप’. कशाच्या तरी वर येऊन लोंबणे असेल तर ‘ओव्हर’ : ‘हिज मुस्टॅश ड्रूप्ट ओव्हर हिज लिप’. ‘ड्रूप डाउन’ असेही लोक लिहितात, पण खाली जाणे मूळ शब्दातच असल्यामुळे तो ‘डाउन’ बहुतेक वेळा गाळता येतो आणि गाळावा.

विशेषणाची दोन रूपे आहेत आणि त्यांत गल्लत होते. ‘ड्रूपिंग’ म्हणजे या क्षणी खाली जात असलेले किंवा गेलेले. ‘ड्रूपी’ म्हणजे स्वभावतःच, कायमचे तसे. दुपारी मान टाकलेले फूल ‘ड्रूपिंग’, आणि बॅसेट हाउंड जातीच्या कुत्र्याचे लांब कान ‘ड्रूपी’. शिवाय ‘ड्रूपी’ला एक खेळकर, काहीसा थट्टेचा सूर आहे. औपचारिक अहवालात किंवा दुखवट्याच्या मजकुरात ‘ड्रूपी शोल्डर्स’ लिहिणे शोभत नाही. तेथे ‘ड्रूपिंग’च हवे. नाम म्हणून वापरताना ‘अ स्लाइट ड्रूप ऑफ द शोल्डर्स’ अशी रचना होते, आणि कोठला ‘ड्रूप’ ते ‘ऑफ’ने सांगणे बरे, कारण ब्रिटिश बोलीत या नामाला पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरून चेष्टेचाही एक अर्थ चिकटलेला आहे.

चौथी पायरी : झाडापासून माणसापर्यंत

झाडांच्या संदर्भात ‘ड्रूप’ आणि ‘विल्ट’ यांचा घोळ ठरलेला आहे. ‘विल्ट’ म्हणजे पेशींतले पाणी कमी झाल्यामुळे त्यांचा आतला ताण जाऊन रोप मलूल होणे. म्हणजे ते कारणासह सांगितलेले दुखणे आहे. ‘ड्रूप’ फक्त डोळ्यांना दिसणारी ठेवण सांगतो. ‘वीपिंग विलो’च्या फांद्या जमिनीकडे ‘ड्रूप’ होतात, पण ते झाड ठणठणीत असते, तेव्हा तेथे ‘विल्ट’ चुकीचे. लाजाळूला हात लावताच तिच्या पानाचा देठ खाली पडतो, कारण देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यातल्या पेशी झटकन पाणी सोडतात. काही वेळाने तो पुन्हा उभा राहतो. तेही ‘ड्रूप’च, ‘विल्ट’ नाही. उलट कुंडीतले रोप दुपारी मान टाकते, संध्याकाळी पाणी दिल्यावर ताठ होते, तेव्हा दोन्ही शब्द चालतील. अति पाण्याने मुळांना हवा मिळेनाशी झाली तरीही रोप अशीच मान टाकते. म्हणून कारण माहीत नसताना प्रश्न विचारायचा असेल, तर ‘ड्रूप’ हाच सुरक्षित शब्द आहे.

माणसाच्या शरीरात ‘ड्रूप’ होणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत : मान, खांदे, पापण्या, ओठांचे कोपरे, कधी मिशा. वरची कसोटी येथेही लागू पडते, कारण हे सगळे भाग एका बाजूने धरलेले आणि दुसऱ्या बाजूने मोकळे आहेत. संपूर्ण माणूस खुर्चीत कोसळल्यासारखा बसला, तर ‘स्लम्प’. सवयीने पाठीला बाक काढून बसला, तर ‘स्लाउच’. लाजेने मान खाली घातली, तर ‘हंग हिज हेड’. ती मान त्याने घातली आहे, आपोआप पडलेली नाही. झोपेने मान पुढे जाते आणि झटका बसून वर येते, त्याला ‘नॉड’ म्हणतात. पापण्या मिटू लागतात, मान हळूहळू छातीकडे येते आणि तशीच राहते, ते ‘ड्रूप’.

मनाच्या बाबतीत इंग्रजीत ‘हिज स्पिरिट्स ड्रूप्ट’ असे म्हणतात. मराठीत येथे ‘चेहरा उतरला’, ‘तो हिरमुसला’, ‘उमेद गळाली’ असे प्रसंगानुसार वेगवेगळे शब्द येतात. ‘खचला’ हा शब्द मला येथे जड वाटतो, कारण ‘ड्रूप’मधली निराशा परत वर येण्याजोगी असते, खचलेल्या माणसासाठी इंग्रजीतही याहून तीव्र शब्द आहेत. बाजारभाव, विक्री, मागणी यांच्यासाठी हा शब्द शक्यतो वापरू नये. तेथे हळूहळू उतरण्याला ‘सॅग’ आणि अचानक मोठ्या घसरणीला ‘स्लम्प’ रुळलेले आहेत.

पाचवी पायरी : जेथे हा शब्द संज्ञा बनतो

काही क्षेत्रांत ‘ड्रूप’ नेहमीचे वर्णन सोडून नेमकी संज्ञा बनतो, आणि तेथे मर्जीने पर्याय निवडता येत नाही.

वैद्यकात वरची पापणी खाली येण्याला ‘टोसिस’ म्हणतात. रुग्णाशी बोलताना डॉक्टर त्यालाच ‘ड्रूपिंग आयलिड’ म्हणतात. मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात अशी पापणी थकव्यासोबत अधिक खाली येते. चेहऱ्याची एक बाजू ओघळणे हे ‘फेशियल ड्रूप’. पक्षाघाताची लक्षणे लक्षात ठेवण्यासाठी ‘फास्ट’ हा जो संक्षेप शिकवतात, त्यातले पहिले अक्षर चेहऱ्याचे आहे. पुढची दोन हात आणि बोलणे यांची, आणि शेवटचे वेळेचे. ‘हिज फेस इज ड्रूपिंग ऑन वन साइड’ या वाक्याचे भाषांतर करताना ‘त्याचा चेहरा उतरला आहे’ असे लिहिणे ही भाषेची चूक तर आहेच, पण धोक्याचीही आहे, कारण वाचणारा त्याला दुःख समजेल आणि रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेण्याचा वेळ जाईल. तेथे ‘चेहऱ्याची एक बाजू खाली ओघळली आहे’ असे स्पष्टच लिहावे. गंमत म्हणजे, मज्जातंतूच्या इजेने मनगट किंवा पाऊल उचलता येईनासे होते, तेव्हा वैद्यकात ‘रिस्ट ड्रॉप’ आणि ‘फुट ड्रॉप’ म्हणतात. दृश्य ‘ड्रूप’चेच असले, तरी संज्ञा ‘ड्रॉप’ची आहे, आणि ती बदलू नये.

विद्युत अभियांत्रिकीत जनित्राच्या गव्हर्नरला, म्हणजे त्याची गती सांभाळणाऱ्या यंत्रणेला, ‘ड्रूप’ असतो. भार वाढला की यंत्राची गती किती खाली येऊ द्यायची, याचे ते टक्केवारीतले प्रमाण आहे. गतीबरोबर विजेची वारंवारताही बदलते, म्हणून ते हर्ट्झमध्येही सांगता येते. ५ टक्के ‘ड्रूप’ असलेले यंत्र पूर्ण भारावर ५० हर्ट्झला चालत असेल, तर भार पूर्ण काढल्यावर ते ५२.५ हर्ट्झला जाईल. येथे खाली येणे हा दोष नाही, ते मुद्दाम ठेवलेले असते. एकाच जाळ्याला जोडलेल्या, समान ‘ड्रूप’च्या १०० आणि ५० मेगावॉटच्या दोन यंत्रांवर वाढीव भार आला, तर दोघांचीही वारंवारता सारखीच उतरते आणि तो भार दोन आणि एक अशा प्रमाणात आपसूक वाटला जातो. दोन्ही यंत्रे गती अजिबात उतरू न देण्याच्या हट्टाने चालवली, तर ती एकमेकांशी भांडत राहतील. मराठी तांत्रिक मजकुरात येथे ‘ड्रूप’ तसाच ठेवून कंसात एकदा ‘भारानुसार गती-उतार’ असे समजावणे मला पटते. ‘कोमेजणे’च्या कुळातला कोणताही शब्द येथे हास्यास्पद होईल.

विमानात सर्वांत प्रसिद्ध ‘ड्रूप’ काँकॉर्डच्या नाकाचा. १९६९ साली प्रथम उडालेल्या या स्वनातीत विमानाचे नाक लांब आणि टोकदार होते. उतरताना विमान नाक बरेच वर करून येत असल्यामुळे वैमानिकाला धावपट्टी दिसली नसती. म्हणून नाकाचा पुढचा भाग उड्डाणाच्या वेळी ५ अंश आणि उतरताना १२.५ अंश खाली वळवता येई. त्याला ‘ड्रूप नोज’ म्हणत. मागचे टोक पक्के, पुढचे खाली : आपली कसोटी विमानाच्या यंत्रणेलाही लागते. हेलिकॉप्टर थांबलेले असताना त्याच्या पात्यांची टोके खाली लवलेली दिसतात, तेही ‘ड्रूप’. फिरू लागल्यावर गती त्यांना बाहेर खेचून सरळ करते.

सहावी पायरी : हाताने करून पाहणे

खालील वाक्ये इंग्रजीत नेताना प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारावेत : वस्तू कोठे धरलेली आहे, आणि ती ताठ असायला हवी होती का?

‘उष्णतेने मेणबत्ती वाकली.’ बूड पक्के, माथा मोकळा, मूळची ताठ : ‘द कँडल ड्रूप्ट’. ‘पलंगाला मध्ये खोलगा पडला.’ चारी कडा धरलेल्या : ‘सॅग’. ‘निकाल ऐकताच तिचे खांदे पडले.’ ‘हर शोल्डर्स ड्रूप्ट’, आणि येथे मराठी-इंग्रजी इतकी जुळते की अडायला काही जागाच नाही. ‘वटवाघळे फांदीला लोंबकळत होती.’ एका टोकाला धरलेली आहेत खरी, पण ती त्यांची नेहमीची ऐटबाज विश्रांती आहे. ताठ राहण्याची कोणी अपेक्षाच केलेली नाही, म्हणून ‘हँग’.

‘वारा पडला आणि ध्वज खांबालगत लोंबू लागला.’ हे वाक्य जरा अवघड आहे. कापड मुळात ताठ नसते, म्हणून वरच्या बाहीच्या न्यायाने ‘ड्रूप’ बसायला नको. तरीही इंग्रजीत येथे ‘द फ्लॅग ड्रूप्ट’ सर्रास लिहितात आणि ते बरोबर आहे. पडद्याने खाली लोंबावे, ध्वजाने मात्र फडकावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती अपेक्षा वाऱ्याबरोबर खाली आलेली असते.